बार्सिलोना ते रोम नको, रोनच्या मुखाशी दोन तळ ठोका

प्रश्न असा आहे: श्टुटगार्टमध्ये राहणारं मराठी कुटुंब. नवरा-बायको, सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं, आणि उन्हाळ्यात साताऱ्याहून येणाऱ्या सहासष्ट वर्षांच्या आई. स्टेशन वॅगन गाडी, हाताशी चौदा दिवस. तंबूत राहण्याचा अनुभव शून्य. बार्सिलोनापासून किनाऱ्याकिनाऱ्याने मार्सेय, नीस, जेनोआ करत रोमपर्यंत जायचं आणि वाटेत सहा-सात ठिकाणी कॅम्पिंग करायचं असा बेत आहे. तो कसा आखावा?

गेली अठरा वर्षं मी दर उन्हाळ्यात गाडी आणि तंबू घेऊन भूमध्य समुद्रावर जातो. आधी आम्ही दोघंच जायचो, मग मुलं आली, मग एकदा सासूबाई आणि दोनदा माझी आई सोबत होती. त्या अनुभवावरून सांगतो: हा बेत सोडा. समुद्र तोच आणि दिवसही तेवढेच ठेवा, पण किनारा दीडशे किलोमीटरच्या आतला घ्या आणि तळ दोनच ठोका.

हिशेब मांडून बघा. श्टुटगार्ट ते बार्सिलोना, तिथून रोम, रोमहून परत घरी, असे साडेतीन हजारांहून जास्त किलोमीटर होतात. पण किलोमीटरपेक्षा जास्त दिवस खाते ती तंबूची उठाठेव. तळ हलवायचा म्हणजे सकाळी सामान आवरून, तंबू सुकवून, घडी घालून गाडीत बसवायला अडीच-तीन तास. बऱ्याच कॅम्पसाइटवर दुपारी बाराच्या आत जागा सोडावी लागते. मग उन्हात गाडी चालवायची, नव्या ठिकाणी नोंदणी करायची, जागा शोधायची, पुन्हा दोन तास खुंट्या ठोकायच्या. मुलं तोवर रडकुंडीला आलेली असतात आणि आई गाडीच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेल्या असतात. समुद्र शंभर मीटरवर असूनही त्या दिवशी कोणाचे पाय पाण्याला लागत नाहीत. सहा वेळा तळ हलवला की चौदातले सहा दिवस असे जातात, आणि जाण्यायेण्याचे चार वेगळे.

तुमच्यासाठी मी निवडेन तो पट्टा दक्षिण फ्रान्सचा, रोन नदीच्या मुखाजवळचा: एग-मोर्तपासून आग्दपर्यंत. कारण सांगतो. नीसच्या बाजूला किनारा सुंदर आहे, पण डोंगर थेट समुद्रात उतरतात. सपाट जागा थोडी, त्यामुळे पाण्याजवळच्या कॅम्पसाइट थोड्या आणि महाग. लिगुरियात, म्हणजे जेनोआच्या किनाऱ्यावर, तेच, शिवाय रस्ता म्हणजे बोगदा, पूल, पुन्हा बोगदा. क्रोएशिया मला फार आवडतो आणि पाणी तिथलंच सर्वांत स्वच्छ, पण किनारा खडकाळ, दगडांत समुद्री साळू, पाण्यात उतरायला बऱ्याच ठिकाणी शिडी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जमत नाही. रोनच्या पश्चिमेला मात्र मैलोनमैल वाळू आहे. पाणी पंधरा-वीस पावलं कमरेच्या खालीच राहतं, जमीन सपाट, आणि तासाभराच्या अंतरात बघण्यासारखं इतकं आहे की दोन आठवडे कमी पडतील.

कधी जायचं, हे कुठे जायचं याइतकंच महत्त्वाचं. बाडेन-वुर्टेम्बर्गच्या शाळांची उन्हाळी सुट्टी जुलैअखेरीस सुरू होऊन सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास संपते. फ्रान्समधल्या शाळा १ सप्टेंबरच्या आसपास उघडतात. या दोन तारखांच्या आसपासचा पंधरवडा तुमच्या राज्यातल्या पालकांच्या वाट्याला आलेलं सुख आहे, ते सोडू नका. ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी निघा. तेव्हा अख्खा फ्रान्स घराकडे, म्हणजे उत्तरेकडे चाललेला असतो आणि तुम्ही दक्षिणेकडे. समुद्र महिनाभर तापलेला असतो, कॅम्पसाइट अर्ध्या रिकाम्या होतात, दर उतरतात. उलट जुलैचा शेवट आणि ऑगस्टची सुरुवात यांमधला शनिवार अजिबात नको. जुलैवाले परतत असतात, ऑगस्टवाले निघालेले असतात, आणि लियोंपासून समुद्रापर्यंत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. 'बिझों फ्युते' ही फ्रान्सची सरकारी वाहतूक-सूचना सेवा प्रत्येक दिवसाला हिरवा, नारिंगी, लाल किंवा काळा रंग देते. काळ्या दिवशी घराबाहेर पडू नका. १५ ऑगस्टला आपल्यासारखी तिथेही सुट्टी असते, मेरीमातेच्या स्वर्गारोहणाची, आणि त्या आठवड्यात जागा मिळणं सर्वांत कठीण.

सप्टेंबरचा एक धोका सांगून ठेवतो. या पट्ट्यामागच्या सेव्हेन नावाच्या डोंगरांच्या पायथ्याशी शरद ऋतूत समुद्रावरची दमट हवा अडून अचानक प्रचंड पाऊस कोसळतो आणि काही तासांत नद्यांना लोंढे येतात. हे प्रकार सप्टेंबरच्या मध्यापासून वाढतात, पण आधीही होऊ शकतात. म्हणून नदीकाठच्या, ओढ्याच्या पात्रालगतच्या कॅम्पसाइट या काळात घेऊ नका. 'मेतेओ-फ्रान्स'चा जिल्हावार धोक्याचा नकाशा रोज संध्याकाळी बघा. नारिंगी किंवा लाल रंग दिसला तर कॅम्पसाइटच्या ऑफिसात जाऊन विचारा.

आता रस्ता. श्टुटगार्टहून कार्ल्सरूह, फ्रायबुर्गवरून ऱ्हाइन ओलांडून मुलूझ, तिथून ए-३६ ने ब्योन, ए-६ ने लियों, ए-७ ने ओरांज, ए-९ ने नीम आणि मग एग-मोर्त. एकूण साडेनऊशे किलोमीटरच्या आतबाहेर. एका दिवसात होतात, मी केलेत, आणि पुन्हा करणार नाही. मुलं आणि आई सोबत असताना ब्योन ते माकों या सोन नदीच्या पट्ट्यात एक मुक्काम करा. वाटेतल्या छोट्या गावांत नगरपालिकेच्या साध्या, स्वच्छ कॅम्पसाइट असतात. त्या एका रात्रीसाठी मोठा तंबू काढूच नका. हॉटेलची खोली घ्या, नाहीतर कॅम्पसाइटवरची लाकडी झोपडी. दुसऱ्या दिवशी लवकर उठून लियों सकाळी नऊ-साडेनऊच्या आत मागे टाका, तेही पूर्वेच्या वळणरस्त्याने, ए-४६ ने. नॅव्हिगेशन कधीकधी शहरातून, फुर्व्हिएरच्या बोगद्यातून नेतं. चार मिनिटं वाचवायच्या नादात तासभर अडकायला होतं.

स्वित्झर्लंडमार्गेही जाता येतं, पण तिथल्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचा वार्षिक स्टिकरच घ्यावा लागतो, एका दिवसाचा मिळत नाही. फ्रान्समध्ये स्टिकर नाही, टोलनाके आहेत. कार्ड चालतं. रोख पैसे घेणारी रांग शोधण्यापेक्षा कार्डाचं चिन्ह बघून घुसा. टोलच्या रस्त्यावर वेगमर्यादा १३०, पाऊस असेल तर ११०. साध्या दुपदरी रस्त्यावर ८०, काही जिल्ह्यांत ९०, पाटी बघावी. कॅमेऱ्यांनी टिपलेला दंड जर्मनीच्या पत्त्यावर बरोबर पोचतो. गाडीत परावर्तक जॅकेट आणि त्रिकोण हवाच, आणि जॅकेट डिकीत सामानाच्या तळाशी नको, हाताशी ठेवा. दहा वर्षांखालच्या मुलांना फ्रान्समध्ये पुढच्या सीटवर बसवता येत नाही, म्हणजे तुमची दोघंही मागे. टोलच्या महामार्गावर गाडी बंद पडली तर आपल्या वाहन-क्लबचा टो-ट्रक बोलवता येत नाही. नारिंगी खांबावरचा फोन किंवा ११२, आणि जो अधिकृत ट्रक येईल तो. पैशांचं नंतर क्लबशी बोलता येतं. गाडीतून उतरताना सगळे वाहत्या रस्त्याकडे नसलेल्या बाजूच्या दारांनी उतरून कठड्यापलीकडे उभे राहा.

गाडीच्या वजनाकडे बहुतेक मराठी मंडळींचं लक्ष नसतं, मला तरी तसंच दिसलंय. पाच माणसं, तंबू, भांडी, शिधा, आणि वर छताची पेटी. गाडीच्या कागदपत्रांत एकूण किती वजन चालतं आणि छतावर किती, ते वाचा. स्टेशन वॅगनच्या छतावर साधारण ७५ किलो चालतं, आणि त्यातले पंधरा-वीस किलो रिकामी पेटीच खाते. पेटीत पांघरुणं, उशा, गाद्या असं हलकं आणि फुगीर सामान टाका. कुकर, डाळ-तांदूळ, खुंट्यांची पिशवी खाली, मागच्या सीटला टेकून. भरलेल्या गाडीसाठी टायरमध्ये हवा जास्त लागते, तो आकडा दारावर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे लिहिलेला असतो. आणि पेटी बसवल्यावर गाडीची उंची टेपने मोजून आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. शहरातल्या भुयारी पार्किंगला आणि समुद्रावरच्या कित्येक पार्किंगला १.९० मीटर उंचीचा लोखंडी दांडा असतो. तळावर पोचलात की पेटी उतरवून ठेवा, आठवडाभर लागत नाही.

दोन तळांचा आणखी एक फायदा अनुभवातून शिकलो. २०१४ साली एका तळावरून दुसऱ्या तळावर जाताना, भरलेली गाडी समुद्रकाठच्या पार्किंगमध्ये लावून आम्ही अर्धा तास पाण्यावर गेलो. परत आलो तर मागची काच फुटलेली, आणि पासपोर्टांची पिशवी गेलेली. पुढचे तीन दिवस पोलीस ठाणं आणि वकिलात यांत गेले. तेव्हापासून सामान भरलेली गाडी मी कुठेही नजरेआड करत नाही. तळ हलवायच्या दिवशी वाटेत काही बघायचं नाही, आणि जेवायला थांबलो तरी एक जण गाडीपाशी. पासपोर्ट कायम अंगावर. आईंचा पासपोर्ट आणि व्हिसा तर रोज लागेल असं समजूनच जवळ ठेवा. कॅम्पसाइटवर परदेशी पाहुण्यांची नोंद करतात, आणि परतताना जर्मनीच्या सीमेवर तपासणी असू शकते.

पहिला तळ एग-मोर्त किंवा ल ग्रो-द्यू-र्वाच्या आसपास, सहा रात्री. कॅम्पसाइट शोधताना ताऱ्यांकडे बघू नका. चार-पाच तारे म्हणजे घसरगुंड्यांचे तलाव आणि रात्री उशिरापर्यंत गाणीबजावणी. तुम्हाला हवी सावली आणि शांतता. उपग्रहाच्या नकाशावर जागा मोठी करून बघा. तंबूंच्या जागांवर झाडं आहेत का, की तंबू कोपऱ्यात ढकलून सगळी चांगली जागा भाड्याच्या घरांना दिलीय? जवळून महामार्ग किंवा रेल्वे जाते का? साचलेलं पाणी किती जवळ आहे? हा कामार्गचा प्रदेश, त्रिभुज प्रदेशाची दलदल, आणि डास आपल्या पावसाळ्यातल्या डासांना लाजवतील असे. संध्याकाळी सातनंतर लांब बाह्या आणि मलम हवंच. तंबूच्या मोकळ्या जागेला तिथे 'अम्प्लासमां न्यू' म्हणतात. त्यात सहसा दोन माणसं आणि गाडी धरलेली असते. तिसऱ्या माणसापासून, विजेसाठी आणि स्थानिक कर म्हणून वेगळे पैसे पडतात, तेव्हा जाहिरातीतल्या दरावर जाऊ नका, पाच माणसांची एकूण रक्कम काढा. किनाऱ्यावर कुठेही तंबू टाकून राहणं फ्रान्समध्ये बेकायदा आहे, तो विचारही नको.

आईंसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण सहल बिघडते ती इथेच. जमिनीवरच्या गादीवरून सकाळी उठणं त्या वयात सोपं नसतं. त्यांच्यासाठी घडीची कॉट घ्या, गुडघ्याच्या उंचीची. बसायला समुद्रावरच्या बुटक्या खुर्च्या नकोत, हात असलेली उंच खुर्ची हवी. तंबूची जागा शौचालयापासून चाळीस-पन्नास पावलांवर मागा. अगदी लगत घेतलीत तर रात्रभर दारांचे आवाज, दूर घेतलीत तर रात्री दोनला दोरांत पाय अडकण्याची भीती. दोरांना पांढऱ्या चिंध्या बांधा. शौचालयात पाण्याची सोय नसते आणि कागदही असेलच असं नाही. तांब्या किंवा दाबायची बाटली सोबत ठेवा, म्हणजे त्यांना कोणाला काही विचारावं लागणार नाही. माझ्या आईने पहिल्या वर्षी दोन दिवस संकोचाने पाणीच कमी प्यायलं आणि तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन बसली. मला ते वेळेवर कळलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. तुम्ही पहिल्याच संध्याकाळी सुनेने किंवा मुलीने त्यांच्यासोबत जाऊन सगळं दाखवून यावं असं बघा.

आणि दुसऱ्या तळावर तंबूऐवजी भाड्याचं फिरतं घर घ्या, मोबिल-होम. स्वतःचं न्हाणीघर, पलंग, छोटं स्वयंपाकघर. सप्टेंबरात त्याचे दर निम्म्यावर येतात. पहिला आठवडा मुलांच्या हौसेचा, दुसरा आईंच्या आरामाचा.

आता वारा. भूमध्य समुद्राच्या या भागात पावसापेक्षा वाऱ्याचा अभ्यास जास्त करावा लागतो. रोनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून येतो तो मिस्त्राल, आणि पश्चिमेला, नार्बोनच्या बाजूने येतो तो त्रामोंतान. दोन्ही कोरडे, दोन्ही स्वच्छ निळं आकाश घेऊन येतात. ताशी शंभर किलोमीटरच्या वर जाऊ शकतात, आणि एकदा सुरू झाले की तीन-तीन दिवस थांबत नाहीत. २०११ मध्ये ग्र्विसांजवळ आम्ही होतो. संध्याकाळ इतकी निवांत की मेणबत्ती विझत नव्हती. शेजारी एक वयस्कर डच जोडपं होतं. सहा वाजता त्यांनी आपला मांडव उतरवला, घडी घातली, खुर्च्या गाडीखाली सरकवल्या. आजोबांनी मला बोटाने उत्तरेला दाखवलं: डोंगरावर ताटल्यांसारखे, कडा घासून गुळगुळीत केलेले दोन-तीन ढग. मला अर्थ कळला नाही आणि मी हसून मान डोलावली. रात्री दोनला आमच्या तंबूचा मधला दांडा मोडला आणि फाटलेल्या कापडातून तो मुलीच्या उशीपासून वीतभर अंतरावर आत घुसला. उरलेली रात्र तिघं गाडीत. सकाळी आजोबांनी काही न बोलता कॉफी आणून दिली आणि दांड्याला आधार म्हणून आपली एक नळी दिली. ती नळी आजही माझ्या दुरुस्तीच्या पिशवीत आहे.

तेव्हापासूनचे माझे नियम: तंबूची निमुळती, बंद बाजू वायव्येला, दार आग्नेयेला. तंबूसोबत आलेल्या काडीसारख्या खुंट्या घरीच ठेवायच्या. पोलादाच्या, हातभर लांब, जाड खुंट्या आणि खरी हातोडी न्यायची, कारण आतल्या भागात जमीन ऑगस्टअखेर भाजलेल्या विटेसारखी असते. समुद्राजवळ वाळू असेल तर रुंद पात्याच्या खुंट्या. सगळे दोर पहिल्याच दिवशी ताणायचे, हवा कितीही शांत असली तरी. छत्री किंवा मांडव उभा ठेवून दिवसभर बाहेर जायचं नाही. आणि ताटलीसारखे ढग दिसले की सामान आत. मिस्त्रालनंतर एक गोष्ट मुलांना आधी सांगून ठेवा: किनाऱ्याचं गरम पाणी वारा आत ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. काल छान वाटणारा समुद्र आज दात वाजवतो. दोन दिवसांनी पुन्हा ठीक होतो. ते दोन दिवस फिरायला वापरायचे.

समुद्राबद्दल अजून एक. मुंबईत आपण भरती-ओहोटीचा चार मीटरपर्यंतचा फरक बघतो. इथे तो वीतभर. त्यामुळे आई विचारतील, ओहोटी कधी लागते, तर सांगा की जवळजवळ लागतच नाही. पण म्हणून बेफिकीर राहू नका. जमिनीकडून समुद्राकडे वारा असेल तर पाणी आरशासारखं दिसतं आणि फुगवलेली गादी मुलासकट आत जाते. अशा दिवशी फुगवायचं काहीही पाण्यात नेऊ नका. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. कॅम्पसाइटच्या तलावात पुरुषांना आणि मुलांना सैल चड्डी चालत नाही, अंगाला घट्ट बसणारी पोहण्याची चड्डीच लागते, ती इथूनच घेऊन जा. समुद्रावर मात्र कपड्यांचं बंधन नाही. आई साडी वर खोचून पाय भिजवत उभ्या राहिल्या तर कोणी वळूनही बघणार नाही. या पट्ट्यात काही किनारे आणि कॅम्पसाइट विवस्त्र राहणाऱ्यांसाठी राखीव आहेत, काप द'आग्दजवळ तर मोठी वसाहतच आहे. पाटीवर किंवा बुकिंगच्या पानावर 'नात्युरिस्त' शब्द दिसला तर ती जागा तुमच्यासाठी नाही, एवढं आधीच बघून ठेवा.

स्वयंपाकाचं गणित विजेपासून सुरू होतं. तंबूच्या जागेला बहुतेक ठिकाणी ६ किंवा १० अँपिअर वीज मिळते. ६ अँपिअर म्हणजे साधारण १३८० वॉट. तुमची २००० वॉटची केटली किंवा इंडक्शन शेगडी लावली की खटका पडतो आणि ऑफिसातून माणूस येईपर्यंत अंधार. १० अँपिअरवर २३०० वॉट, म्हणजे एका वेळी एकच वस्तू. आम्ही गॅसच वापरतो. जर्मनीतली करडी गॅसची टाकी फ्रान्समध्ये बदलून मिळत नाही. निळ्या 'कँपिंगगाझ'च्या टाक्या मात्र सगळीकडे मिळतात, म्हणून शेगडी त्याच जोडणीची घ्या. कोळशाची शेगडी उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी मनाई आहे, आणि ती मनाई मनापासून पाळा. पाइनच्या सुक्या काड्यांवर एक ठिणगी पुरते. आग लागली तर लगेच निघता यावं म्हणून गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावा, बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे ते पहिल्या दिवशी मुलांसोबत चालून बघा.

तीन लिटरचा कुकर न्या. पहिल्या शिट्टीला शेजारचे दचकतील, दुसऱ्या दिवशी विचारायला येतील. डाळ-तांदूळ, गोडा मसाला, भाजणी, शेंगदाण्याचं कूट घरून. भाज्या बाजारातून: वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची त्या मोसमात अप्रतिम असतात, आणि गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत तंबूसमोर बसून खाण्याइतकं सुख नाही. बाजार सकाळी, दुपारी बारानंतर छोटी दुकानं बंद. बेसन संपलं तर सुपरमार्केटच्या सेंद्रिय विभागात हरभऱ्याचं पीठ मिळतं, 'फारीन द प्वा शिश' असं पाकिटावर असतं. नीसकडचे लोक त्याचं ऑलिव्ह तेलातलं धिरडंच करतात, सोका म्हणतात त्याला. आई शाकाहारी असतील तर बाहेर जेवायची ठिकाणं आधी हेरून ठेवा, कारण 'भाजीचं' म्हणून आलेल्या सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं.

बघायला काय? एग-मोर्तचा तट अजून अखंड उभा आहे. नववा लुई १२४८ मध्ये इथून धर्मयुद्धाला जहाजातून निघाला. आज समुद्र काही किलोमीटर दूर आहे आणि तटावरून दिसतात ती गुलाबी मिठागरं. तटावरचा रस्ता दीड किलोमीटरहून थोडा मोठा, सकाळी लवकर करा. पों दु गार तासाभरावर: पहिल्या शतकातला, ४९ मीटर उंच, तीन मजल्यांचा रोमन पूल. युझेसजवळचं पाणी नीम शहरापर्यंत न्यायला पन्नास किलोमीटरचा कालवा काढला, आणि एवढ्या अंतरात उतार फक्त बारा-साडेबारा मीटर. नऊ वर्षांच्या मुलाला हा आकडा सांगा आणि मग पुलाखाली नदीत पोहू द्या.

आईंसाठी मात्र दोन जागा राखून ठेवा. सँत-मारी-द-ला-मेरजवळचं पों द गोचं पक्षी उद्यान: वाट सपाट, बाकं भरपूर, आणि हाताच्या अंतरावर शेकडो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. साताऱ्याकडच्या माणसाने भिगवणला उजनीच्या पाण्यात दुर्बिणीतून बघितलेला असतो तोच मोठा रोहित. तिथे ते पाहुणे, इथे कामार्गमध्ये त्यांची घरटी. माझी आई पहिल्यांदा बघून म्हणाली, "अगंबाई, हे तर इतक्या जवळ येऊन जेवतायत." दुसरी जागा त्याच गावातलं चर्च. तळघरात काळ्या साराची मूर्ती उभी आहे, युरोपातल्या भटक्या रोमा लोकांची पालक संत. भक्तांनी चढवलेल्या झग्यांवर झगे, समोर मेणबत्त्यांची धग, पायाशी नवसाच्या चिठ्ठ्या आणि फोटो. दरवर्षी २४ मे रोजी तिला मिरवत समुद्रात नेतात. रोमा लोकांचे पूर्वज भारतातून गेले, आणि त्यांच्या रोमानी भाषेत आजही पाण्याला पानी, कानाला कान, माणसाला मानुश म्हणतात. आईंना हे तिथे उभं असताना सांगा, आधी नको. परतताना छोट्या रोनवरून बाक द्यू सोव्हाज ही फेरी पकडा. गाडीसकट फुकट पलीकडे नेते आणि मुलांना विमानापेक्षा जास्त आवडते.

दुसऱ्या तळावर, सेत ते आग्दच्या पट्ट्यात, पाच-सहा रात्री. इथे 'तो' नावाचं मोठं खारं सरोवर आहे. ओहोटी नसल्यामुळे कालवं (ऑयस्टर) दोरांवर सिमेंटने चिकटवून पाण्यात टांगून वाढवतात. शाकाहारी घरालाही ते बघायला मजा येते. बेझिएला कनाल दु मिदीचे पायऱ्यांसारखे दरवाजे बघा, बोटी एक-एक टप्पा कशा चढतात ते. १६६६ ते १६८१ अशी पंधरा वर्षं तो कालवा खणला, आणि तो उभारणारा रिके पूर्ण होण्याआधी काही महिने वारला. एखाद्या दिवशी सालागू तळ्यावर जा, तिथली लाल माती बघून महाबळेश्वरची आठवण येईल. आणि किमान तीन दिवस कुठेही जाऊ नका.

तुमच्या बेतातल्या मार्सेयजवळ कालांक या चुनखडीच्या खाड्या आहेत. १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत वणव्याच्या धोक्यानुसार तिथला प्रवेश रोज ठरतो, सुजितों खाडीला तर उन्हाळ्यात आधी मोफत नोंदणी लागते. चढ-उतारही बराच. मुलं मोठी झाली की जा.

शेवटी एक काम जूनमध्येच करा. एक शुक्रवार ते रविवार बोडेनझे (लेक कॉन्स्टन्स) या तळ्यावर सगळं सामान घेऊन जा: तोच तंबू, तीच कॉट, तोच कुकर. काय विसरलं, कोणाला थंडी वाजली, तंबू उभा करायला किती वेळ लागला, ते वहीत लिहा. बोडेनझे घरापासून दोन-अडीच तासांवर आहे, फार बिघडलं तर परतता येतं. त्या वहीचं पान आणि तुम्ही निवडलेल्या दोन-तीन कॅम्पसाइटची नावं मला पाठवा, उपग्रहाच्या नकाशावर सावली आणि वाऱ्याची दिशा मी बघून सांगतो.